बालविभागाचा जमाखर्च

मलकापूरच्या बाजूने राजूरचा घाट चढून बुलढाण्यास पोहोचणाऱ्या माणसास हा जिल्हा एकाच दिवसात दोन प्रदेशांसारखा भासतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, कापसाच्या बाजारपेठा आणि मलकापूर-नांदुरा-शेगाव अशी लोहमार्गाने जोडलेली गावे. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील मुलूख, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही नावे, आणि ज्याला आजही आगगाडीचे स्थानक नाही असे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. येथील माणसे परस्परांची ओळख ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशीच करून देतात. १३ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे २५ लाख ८६ हजारांवर होती. एवढ्या लोकांत मुलांची व तरुणांची संख्या किती मोठी असेल याचा अंदाज वाचकास सहज बांधता येईल. परंतु यांपैकी शाळेच्या पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले पुस्तक कोणाच्या हाती, कोणत्या दारातून आणि कोणाच्या पैशाने पडते, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सहज मिळत नाही. प्रस्तुत प्रकरणाचा विषय तोच आहे.

या भूमीला अक्षराचे दारिद्र्य कधीच नव्हते. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निर्भीड ग्रंथ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सिंदखेड राजास जन्मून मेहकरास वकिली करीत आयुष्यभर काव्यसाधना करणारे ना. घ. देशपांडे येथलेच, आणि त्यांच्या ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला; ‘बारोमास’ या कादंबरीसाठी २००४ साली तोच सन्मान मिळविणारे सदानंद देशमुख हेही याच मातीतले. ताराबाईंचे शिक्षण घरी, वडिलांच्या हाताखाली झाले होते, ही गोष्ट मला या संदर्भात फार मोलाची वाटते. वडील कचेरीत नोकरीस होते, मुलीस अक्षर द्यावे अशी बुद्धी त्यांना झाली, आणि म्हणून एक ग्रंथ जन्मास आला. ज्या मुलास असा पिता नाही, ज्याच्या घरात दिनदर्शिकेपलीकडे छापील कागद नाही, त्याच्यासाठी पित्याच्या जागी कोण उभे राहणार? सार्वजनिक ग्रंथालय ही संस्था निर्माण झाली ती या प्रश्नाचे उत्तर म्हणून, आणि तिला राजाश्रय असावा हा विचारही त्यातूनच उगवला.

तो विचार आपल्याकडे प्रथम कोणी पूर्णत्वास नेला, हे सांगावयाचे तर बडोद्याकडे वळावे लागते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले, आणि थोड्याच काळात त्यांच्या ध्यानी आले की शाळा सोडलेले मूल वाचावयास काही न मिळाल्यास चार-पाच वर्षांत शिकलेले विसरते. म्हणजे शाळेवर झालेला खर्च पाण्यात जातो. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन ठेवले, आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या सरकारी खर्चाने खेडोपाडी धाडण्याची फिरती ग्रंथालये सुरू केली. परंतु या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती ती पैशाची. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवावा, स्थानिक मंडळाने तेवढाच घालावा, आणि तिसरा तेवढाच हिस्सा सरकारने द्यावा, असा तिहाई नियम त्यांनी घालून दिला. त्यामुळे ग्रंथालय सरकारचे मिंधे झाले नाही आणि गावावर त्याचा असह्य भारही पडला नाही. त्याच काळात अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयांच्या इमारतींना देणग्या देत असताना, देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दरवर्षी चालू खर्चासाठी घालण्याची हमी नगरसंस्थेकडून घेत असे. इमारत एकदा बांधली की भागते, परंतु वाचन दरवर्षी पोसावे लागते, हे तत्त्व दोघांनाही उमगले होते.

मुंबई इलाख्यात या दिशेने पहिले पद्धतशीर पाऊल पडले ते १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीमुळे. तिच्या १९४० च्या अहवालात राज्यातील मुख्य ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायरीपायरीने उतरत जाणारी रचना सुचविली होती, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिचा काही भाग अमलात आला. करवीर संस्थानाने १९४५ साली स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. बुलढाणा मात्र या दोन्ही प्रवाहांच्या बाहेर राहिला, कारण हा जिल्हा ज्यात मोडतो तो, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला आणि १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला वऱ्हाड १९५६ पर्यंत नागपूर राजधानीच्या कारभारात होता. म्हणून येथील जुनी वाचनालये सरकारी योजनेतून नव्हे तर वकील, शिक्षक, व्यापारी आणि जमीनदार यांच्या वर्गणीतून उभी राहिली. बुलढाणा शहरात ज्याचे सभागृह आजही व्याख्यानांचे व साहित्यिक कार्यक्रमांचे हक्काचे ठिकाण मानले जाते, ते गर्दे वाचनालय याच परंपरेचे नाव सांगते. कागदोपत्री उशिरा आलेल्या या जिल्ह्यास लोकाश्रयाची सवय आधीपासून होती, ही जमेची बाजू मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ संमत झाला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात घरपट्टीवर ग्रंथालय-उपकर बसविला होता. महाराष्ट्राने तो मार्ग न स्वीकारता राज्याच्या तिजोरीतून ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लक्ष रुपये घालण्याचे बंधन स्वतःवर घेतले. त्यावेळी ही रक्कम लहान नव्हती. उपकर नसल्याचा फायदा असा की गरीब गावावर नवा कर बसला नाही. तोटा असा की ग्रंथालयाचे उत्पन्न कायद्याने निश्चित न राहता प्रतिवर्षी अंदाजपत्रकाच्या औदार्यावर अवलंबून राहिले. अतिवृष्टी, दुष्काळ, निवडणूक यांपैकी काहीही आले की सर्वांत आधी ज्या तरतुदीस कात्री लागते त्यांत ग्रंथालयांची तरतूद असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाही कार्यवाहास ठाऊक आहे.

या कायद्याखाली १९७० साली झालेल्या नियमांनी अनुदानाची जी पद्धत घालून दिली ती अद्याप मूळ स्वरूपात टिकून आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. गावातील दहा-वीस माणसांनी वाचनालय काढावयाचे ठरविले की त्यांनी आधी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली संस्थेची नोंद करावी. मग दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, कीर्द-खतावणी हे सारे दफ्तर सिद्ध ठेवून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे मान्यतेसाठी अर्ज करावा. तपासणी होऊन मान्यता मिळाली की ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, जागा व सेवक पाहून अ, ब, क, ड यांपैकी वर्ग ठरतो. त्यात पुन्हा जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय आणि इतर असे भेद आहेत. अनुदान हप्त्याहप्त्याने येते, मान्य खर्चाच्या मर्यादेत येते, काही भाग संस्थेने स्वतः उभा करावयाचा असतो, आणि आलेल्या रकमेचा साधारण निम्मा भाग सेवकांच्या वेतनावर व उरलेला ग्रंथ, नियतकालिके, भाडे, वीज यांवर खर्च होतो. वर्षाअखेर लेखापरीक्षकाचा दाखला जोडला नाही तर पुढचा हप्ता अडतो.

आता या नियमांच्या चौकटीत रुपये भरून पाहू. २०१२ साली झालेल्या वाढीनंतर ड वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळत होते, आणि ती रक्कम पुढची दहा वर्षे बदलली नाही. महिन्यास २,५०० रुपये होतात. निम्मे वेतनाचे धरले तर ग्रंथपालास १,२५० आणि पुस्तकांपासून विजेच्या देयकापर्यंत सर्व गोष्टींस १,२५०. २०२२ च्या अखेरीस शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्या प्रमाणात हिशेब केला तरी महिन्याचा आकडा ४,००० रुपयांच्या आसपास थांबला. सेवकांच्या वेतनाचा प्रश्न ग्रंथालयांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीपासून पुन्हापुन्हा मांडला गेला, त्यावर निवेदने झाली, मोर्चे निघाले, आणि तरीही खेड्यातील ग्रंथपाल हा बहुतेक ठिकाणी शेतीतून, दुकानातून किंवा शिकवणीतून पोट भरणारा आणि संध्याकाळचे दोन तास वाचनालयाचे दार उघडणारा माणूस राहिला आहे. अशा माणसाकडून मुलांसाठी गोष्टींचा तास, पुस्तकांची ओळख, उन्हाळ्यातील वाचनमेळावा अशा गोष्टींची अपेक्षा ठेवावयाची तर त्यासाठी द्यावा लागणारा वेळ कोणत्या पैशातून विकत घ्यावयाचा, याचा विचार नियमांनी केलेला नाही. राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत हा आपला अभिमान सार्थ आहे. परंतु त्यांतील मोठा हिस्सा क आणि ड वर्गाचा आहे, आणि खेड्यातील मूल ज्या दारापर्यंत पायी जाऊ शकते ते दार बहुधा याच वर्गातले असते.

येथे मूळ दोषाचा उल्लेख करणे भाग आहे. आपले अनुदान ग्रंथालयात काय आहे हे मोजते. ग्रंथालयातून काय जाते, कोणाच्या हाती जाते, हे ते मोजत नाही. कपाटातील पुस्तकांची संख्या वर्ग ठरविते, म्हणून जाड, स्वस्त आणि मोठ्या सवलतीत मिळणारी पुस्तके कपाट भरतात. मुलांसाठीचे चित्रमय पुस्तक पातळ असते, रंगीत असल्याने महाग असते, आणि दहा मुलांच्या हातून गेले की त्याची पाने सुटतात. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने फाटलेले पुस्तक ही हानी आहे. वाचनाच्या दृष्टीने ते त्या ग्रंथालयाचे सर्वांत यशस्वी पुस्तक होय. ही हानी नोंदवहीत दिसू नये म्हणून मुलांची पुस्तके कुलुपात ठेवणारे ग्रंथपाल मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण तपासणीच्या दिवशी उत्तर त्यांनाच द्यावे लागते.

मुलांच्या वाट्यास सरकारी पैसा मुळीच येत नाही असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. वरच्या वर्गाच्या ग्रंथालयांकडून बालविभागाची अपेक्षा ठेवलेली असते. कलकत्त्यास १९७२ साली, राजा राममोहन रॉय यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त, केंद्र सरकारने त्यांच्या नावे ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या समान निधी योजनेत राज्याने जेवढे घालावे त्या प्रमाणात प्रतिष्ठान आपला वाटा घालते व त्यातून ग्रंथखरेदी होऊन पुस्तकांचे गठ्ठे तालुक्यांपर्यंत येतात, तर असमान निधी योजनेत मुलांचा कोपरा उभारण्यासाठीही साहाय्याची सोय आहे. राज्य शासन जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरविते, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. १ ते १५ जानेवारी २०२५ या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम झाला. या सर्वांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु उत्सव एक दिवसाचा किंवा पंधरवड्याचा असतो, आणि वाचनाची सवय ही रोज संध्याकाळी उघडणाऱ्या दाराची गोष्ट आहे. बालकोपऱ्याच्या योजनेस अर्ज करावा लागतो, प्रस्ताव नमुन्यात भरावा लागतो, त्यास दाखले जोडावे लागतात. ज्या ग्रंथालयाकडे हे करू शकणारा माणूस आहे ते बहुधा आधीच सुस्थितीत असते. संग्रामपूर तालुक्याच्या टोकाला असलेल्या वाचनालयापर्यंत योजनेची बातमी पोहोचेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. जिल्ह्याची उत्तर सीमा येथे सातपुड्याच्या पायथ्याशी भिडते, आणि डोंगरातील वस्त्यांवर कोरकू, भिलाला, निहाल इत्यादी समाजांची मुले राहतात. यांतील निहाली ही भाषा विद्वानांच्या दृष्टीने विलक्षण आहे. द्राविड, आर्य, मुंडा यांपैकी कोणत्याही ज्ञात कुळात ती निःशंकपणे बसविता आलेली नाही, आणि ती बोलणारी माणसे दोन-अडीच हजारांपलीकडे नसावीत. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ जिचे नाव आदराने घेतात ती भाषा ज्या मुलाच्या तोंडी जन्मतः आहे, त्या मुलास तिच्यात छापलेले गोष्टीचे पुस्तक मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि मराठी पुस्तक त्याच्या हाती पडते तेव्हा ते त्याच्यासाठी दुसऱ्या भाषेचे पुस्तक असते. अनुदानाच्या कोष्टकात या मुलासाठी वेगळा रकाना नाही. त्याच्यासाठी हवे आहे ते थोडे आहे: मोठ्या चित्रांची, थोड्या शब्दांची पुस्तके, त्याच्या बोलीत गोष्ट सांगून मग मराठीकडे नेणारा एक तरुण, आणि बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी पाठविली तशी आठवड्यास एकदा येणारी पेटी.

मोठ्या मुलांचे, म्हणजे पंधरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांचे, चित्र निराळे आहे. गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या ठिकाणची वाचनालये पहाटेपासून भरू लागली आहेत, ती स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमुळे. शेतीच्या अनिश्चिततेतून सुटण्याचा मार्ग म्हणून तलाठी, पोलीस शिपाई, लिपिक या पदांकडे पाहणारा तरुण शांत जागा, उजेड आणि पंखा एवढ्यासाठी तेथे येतो. लोकप्रतिनिधींचा निधी, जिल्हा नियोजनाचा पैसा यांतून अशा खोल्या उभ्या राहिल्या तर ते योग्यच आहे. त्या तरुणाची निकड खरी आहे. मात्र अभ्यासिका म्हणजे युवक-वाचनाचा कार्यक्रम नव्हे. तो तरुण स्वतःची पुस्तके घेऊन येतो, स्वतःची पुस्तके घेऊन जातो, आणि ज्या खोलीत तो तीन वर्षे बसला तिच्या भिंतीपलीकडच्या कपाटातील ‘बारोमास’ला, म्हणजे त्याच्याच जिल्ह्यातील शेतकरी घराच्या कथेला, त्याचा हात लागलेला नसतो. परीक्षेस नेमलेल्या मजकुराव्यतिरिक्त एक पुस्तक दर महिन्यास घरी नेण्याची सवय त्याला लावली, तर अभ्यासिकेवर झालेला खर्च दुप्पट फळेल.

याहून सूक्ष्म अशी अडचण शासनाच्या रचनेतच आहे. राज्यघटनेने ग्रंथालये राज्यांच्या सूचीत घातली, आणि महाराष्ट्रात ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली आहे. शाळा मात्र शालेय शिक्षण विभागाखाली आहेत. समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या ग्रंथालयास शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षास ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत तरतूद असते. ‘बालभारती’कडून १९७१ पासून प्रसिद्ध होणारे ‘किशोर’ मासिक शासनाच्या पाठबळाने अल्प किमतीत मिळते. म्हणजे दहा वर्षांचे मूल सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत एका विभागाचे असते, आणि पाचनंतर दुसऱ्या विभागाचे. शाळा उन्हाळ्यात दीड महिना बंद असते, तेव्हा शाळेतील पुस्तकेही कुलुपात असतात. वाचनालय उघडे असते, पण त्याच्या बालविभागात नवी पुस्तके नसतात. एका गावात शंभर पावलांच्या अंतरावर असलेली ही दोन कपाटे परस्परांस ओळखत नाहीत. शाळेने मेमध्ये आपली पुस्तके वाचनालयाच्या हवाली करावीत, वाचनालयाने जूनमध्ये ती मोजून परत द्यावीत, एवढ्या साध्या करारास दोन विभागांचे एक संयुक्त परिपत्रक पुरेल. त्यासाठी तिजोरीतून एक पैसाही अधिक जाणार नाही.

पैसा लागतो तेथे मात्र तो स्पष्टपणे मागितला पाहिजे. माझे मत असे आहे की अनुदानाच्या नियमांत ‘बाल व युवक वाचन’ असे स्वतंत्र शीर्ष असावे. त्याची रक्कम ग्रंथसंख्येवर न ठरविता मुलांच्या नावे झालेल्या देवघेवीवर ठरवावी. त्यातून होणारी पुस्तकांची झीज हानी न मानता खर्च मानावी. आणि हे शीर्ष ड वर्गास सर्वांत आधी लागू करावे. खोट्या नोंदी होतील, हा आक्षेप येईल. खोट्या नोंदी आजही होऊ शकतात, आणि त्या पकडण्याचा उपायही आजच्याहून कठीण नाही: तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने देवघेव नोंदवहीतील पाच नावे निवडून त्या पाच मुलांना बोलवावे, आणि नेलेल्या पुस्तकात काय होते ते विचारावे. ज्या दिवशी तपासणी अशी होईल त्या दिवशी कपाटांची कुलुपे आपोआप निघतील.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर गावाच्या हाती काही नाही असे समजण्याचे कारण नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत ग्रंथालये व वाचनालये ही ग्रामपंचायतीच्या विषयांत समाविष्ट आहेत, म्हणून ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकात मुलांच्या पुस्तकांसाठी रक्कम धरली तर त्यास कोणी हरकत घेऊ शकत नाही. बडोद्याचा तिहाई नियम आजही चालविता येईल: गावकऱ्यांचा एक वाटा, पंचायतीचा एक, आणि अनुदानातून ग्रंथालयाचा एक. प्रत्येकी ३,००० रुपये धरले तरी ९,००० रुपयांत मुलांची शंभराहून अधिक चांगली पुस्तके येतात, आणि शंभर पुस्तकांवर एका गावातील मुलांची दोन वर्षे निघतात.

महाराष्ट्रातील प्रत्येक गावात १ मे रोजी ग्रामसभा भरते, आणि त्याच तारखेस १९६८ साली आपला ग्रंथालय कायदा अमलात आला होता. बुलढाणा जिल्ह्यातील जो वाचक हे प्रकरण वाचत असेल, मग तो घाटावरचा असो वा घाटाखालचा, त्याला माझी विनंती आहे की येत्या १ मेच्या सभेपूर्वी त्याने आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन देवघेव नोंदवही मागावी, गेल्या वर्षात किती मुलांनी पुस्तके नेली ते मोजावे, आणि तो आकडा सभेत उभे राहून वाचून दाखवावा.